मुंगीचा बाप्तिस्मा

१ सप्टेंबर, मंगळवार

ऑपरेशनची तारीख मिळाली. एकोणतीस.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मधल्या भिंतीवर पेनाने एक गोल काढला आणि तो दोनदा गिरवला. भोक आपोआप बुजेल असं पहिल्या महिन्यात त्यांना वाटलं होतं. आता वाटत नाही. धोका किती, मी विचारलं. शंभरातली नव्वद मुलं घरी जातात, त्या म्हणाल्या. उरलेल्या दहांबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

जिन्यात बायको थांबली. मुंगी तिच्या खांद्यावर झोपली होती. मुलीचं नाव अजून कागदावर यायचं आहे. जन्मली तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हती, तेव्हापासून मुंगी.

"एकोणतीसच्या आत तिचा बाप्तिस्मा व्हायला हवा."

"आपलं ठरलं होतं."

"तेव्हा भोक नव्हतं."

"भोक होतं. आपल्याला माहीत नव्हतं."

हे बोलायला नको होतं. ती पुढे उतरून गेली.

ही वही कचेरीतली आहे. डावीकडे उमेदवार, उजवीकडे शेरा, असे रकाने छापलेले आहेत. मी रकान्यांवरून आडवं लिहितो आहे. आज अकरा जण लायसन्सच्या चाचणीला आले, सात नापास.


३ सप्टेंबर, गुरुवार

सगळं एकदा नीट मांडून ठेवतो. वाद घालताना डोकं शाबूत राहील.

दोन महिन्यांचा असताना माझ्या कपाळावर जुन्या चर्चमध्ये पाणी घातलं गेलं. मला त्यातलं काही आठवत नाही. जे मला आठवत नाही, जे मी मागितलं नाही, ते माझं कसं? सव्विसाव्या वर्षी मी हॉलमध्ये, म्हणजे फक्त मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत, आलो आणि टाकीत उतरलो. छातीपर्यंत पाणी. घड्याळजींनी मला मागे झुकवून पूर्ण बुडवलं आणि वर काढलं. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि हॉल चालवतात. त्या दिवसापासून मी पहिलं पाणी धरत नाही.

हॉलचा नियम साधा आहे. आधी पश्चात्ताप, मग विश्वास, मग स्वतःच्या तोंडाने कबुली, मग पाणी. आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण. क्रम चुकला की नापास.

बायको दर रविवारी माझ्याबरोबर हॉलला येते. टाकीत मात्र उतरली नाही. "मी एकदा ओली झालेली आहे," म्हणते. लग्नाच्या वेळी ठरलं होतं की मुलं मोठी होऊन स्वतः ठरवतील. तिने मान डोलावली होती. आता ती म्हणते, मोठी झाली तर.


४ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी तयारीचा वर्ग. तो मीच घेतो. बाप्तिस्मा मागणाऱ्यांना तीन प्रश्न: विश्वास कधी धरलास? काय सोडलंस? कुणाच्या सांगण्यावरून आलास? उत्तरं पटली तर मी सही करतो. सहीशिवाय टाकी नाही.

इस्त्रीवाल्या मावशी तिसऱ्यांदा आल्या. सत्तरीच्या आहेत. हाताला कायम गरम कापडाचा वास.

"विश्वास कधी धरलात, मावशी?"

"तारीख नाही आठवत, बाळा. नवरा पडला होता तेव्हा. तो निळा पडत चाललेला. मी घाबरले आणि हाक मारली. एवढंच."

"भीती म्हणजे विश्वास नव्हे."

"मग काय?"

"घाबरलेला माणूस कुणालाही हाक मारतो."

"मी कुणालाही नाही मारली. त्यालाच मारली." मग त्या उठल्या, पदर खोचला. "माझा भाचा तुझ्याकडे लायसन्सला आला होता, तेव्हाही तू 'पुढच्या वेळी' म्हणालास. आता तो सायकलवर फिरतो. मी काय करू? नुसते पाय धुऊ?"

वर्गात सगळे हसले. मी शेरा लिहिला: पुढच्या वेळी.


६ सप्टेंबर, रविवार

सासूबाई बॅग घेऊन आल्या. ऑपरेशन होईपर्यंत राहणार.

जेवताना त्यांनी सुरुवात केली. "जावईबापू, तुमच्या हॉलात आजारी पडायलासुद्धा वयात यावं लागतं का?"

"आई," बायको म्हणाली.

"मी साधं विचारतेय. लस टोचताना हिला विचारलंत? दूध पाजताना विचारता? मग देवाच्या दारातच परवानगी कशाला लागते?"

मी म्हणालो, लस शरीराला टोचतात. विश्वास दुसऱ्याच्या दंडात टोचता येत नाही.

"वा," त्या म्हणाल्या. "बोलण्यात तुम्ही शंभरपैकी शंभर."

बायको हसली नाही. मुंगीला पाजत होती. मुंगी दोन घोट घेते आणि थांबते. धाप लागते, पुन्हा दोन घोट. एका वेळेचं दूध संपायला तास जातो. त्या तासात घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.


९ सप्टेंबर, बुधवार

जुन्या चर्चचे पाळकसाहेब आले. मला न विचारता बोलावलं होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. माझ्या कपाळावर पाणी घालणारे हेच.

"तू रडला नव्हतास," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेवून बघत होतास माझ्याकडे. जणू माझीच परीक्षा घेतोयस."

सासूबाईंना ते फार आवडलं.

मी शांतपणे माझी बाजू मांडली. त्यांनी शांतपणे त्यांची. मूल विश्वासणाऱ्यांच्या घरात जन्मलं की ते देवाने केलेल्या कराराच्या आतच जन्मतं; पाणी ही त्या कराराची खूण. आरंभीच्या काळात अख्ख्या घराण्यांचा बाप्तिस्मा झाला. मी म्हणालो, त्या घराण्यांत तान्ही मुलं होती असं कुठे लिहिलंय? ते म्हणाले, नव्हती असंही लिहिलेलं नाही.

"मग तुम्ही देणार?" बायकोने विचारलं.

"आई-बाप दोघं उभे राहिले तर. दोघांनी वचन द्यायचं असतं. एक जण नको म्हणत असेल तर मी थांबतो. घर फोडून बाप्तिस्मा देत नाही मी."

"आणि वेळच आली तर?"

"मरणाच्या दारातली गोष्ट वेगळी. तिथे पाळक लागत नाही. सुईण देऊ शकते, शेजारी देऊ शकतो. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तीन नावं, बस. मात्र एकदा झाला की झाला. आम्ही दुसऱ्यांदा देत नाही. दुसरा दिला की पहिल्याला खोटं म्हटल्यासारखं होतं."

"पाणी किती लागतं?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वर्गात लोक विचारतात म्हणून.

"वाहायला हवं," पाळकसाहेब म्हणाले. "थेंब ओघळला तरी पुरे."


११ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारची सुट्टी. चाचणीच्या गाडीत बसून लिहितो आहे. काचा वर केल्या आहेत. वर्गाला जाण्याआधी हे लिहायलाच हवं, नाहीतर आज तिथे तोंड उघडता येणार नाही.

अठ्ठावीस जून. मुंगी जन्मली आणि रडली नाही. बायकोचं रक्त थांबेना म्हणून डॉक्टर तिच्याकडे धावले. बायकोला शुद्ध नव्हती. मुंगीला बाजूच्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. एक सिस्टर तिच्या तोंडावर रबरी फुगा दाबत होत्या. रंग राखेसारखा. खोलीत आम्ही दोघंच. सिस्टर फुगा न थांबवता म्हणाल्या, "तुम्हाला काही करायचं असेल तर करून घ्या." त्यांनी दुसरा शब्द वापरला नाही. मला कळलं.

भिंतीला बेसिन होतं. मी नळ सोडला, तळवा भरला, तीन पावलं आलो. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं तिच्या डोक्यावर सोडलं आणि ती तीन नावं घेतली. तिसरं घेताना आवाज फुटेना म्हणून पुन्हा घेतलं.

ती त्यानंतर चार मिनिटांनी रडली. समोर घड्याळ होतं. सिस्टरांच्या हातामुळे रडली. मी त्याचा आणि याचा संबंध जोडत नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्याच रविवारी, पाच जुलैला, हॉलमध्ये संदेश देण्याची पाळी माझी होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, बाळाच्या डोक्यावरचं पाणी म्हणजे भिंतीवरचं पाणी. लोकांना ते वाक्य आवडलं. अजून कुणी कुणी म्हणून दाखवतं.

ते काहीच नव्हतं, असं असेल तर मला सांगता का येत नाही? आणि काहीतरी होतं, असं असेल तर मी आजवर ज्यांना परत पाठवलं त्यांचं काय?

बायकोला एक वाक्य सांगितलं तर तिची तळमळ आजच थांबेल. हे मला कळतं. पण ती आईला सांगेल, आई गावभर करेल, हॉलमध्ये पोचेल. हे झालं एक कारण. दुसरं असं की मग ती जिंकेल. लिहून पाहिलं. वाचायला घाणेरडं दिसतं, पण खोटं नाही.


१४ सप्टेंबर, सोमवार

आज बायको मुंगीला वजनासाठी घेऊन गेली. साडेतीन किलो. मी कचेरीत होतो. जन्माच्या वेळच्या सिस्टर भेटल्या, असं ती म्हणाली. त्या आता त्या वॉर्डात असतात. त्यांनी मुंगीला ओळखलं.

मग ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. बराच वेळ. मी शर्ट उचलून देत होतो.

"ती जन्मली तेव्हा तू खोलीत होतास ना?"

"होतो."

"घाबरला होतास?"

"सिस्टर होत्या ना."

"तू काय करत होतास?"

"काय करणार? उभा होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. एका लंगोटाची तिने दोनदा घडी घातली.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही. जेवताना सासूबाईंनी काढला तर म्हणाली, "आई, राहू दे आता." चेहरा शांत होता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती छताकडे न बघता ताटाकडे बघून जेवली.

माझं म्हणणं हळूहळू तिला पटत असावं. आवाज चढवला नाही, हे बरं केलं.


१८ सप्टेंबर, शुक्रवार

वर्ग संपल्यावर घड्याळजींनी थांबवून घेतलं. ते बोलताना एक डोळा बारीक करतात, भिंग लावल्यासारखा. सत्तावीस तारखेला रविवारी चौघांचा बाप्तिस्मा. टाकीत त्यांच्याऐवजी मी उतरायचं. त्यांचे गुडघे धरतात. त्याच दिवशी ते माझं नाव हॉलचा कारभार पाहणारा ज्येष्ठ म्हणून सभेपुढे ठेवणार.

मी आभार मानले.

"तुझ्या घरी जुने पाळक येऊन गेले म्हणे."

"सासूबाईंना भेटायला."

"येऊ देत. पण एक सांगतो. एका भिंतीवर दोन घड्याळं लावली आणि त्यांत पाच मिनिटांचा फरक पडला की लोक मनगटाकडे बघायला लागतात. भिंतीकडे कुणी बघत नाही."

आज इस्त्रीवाल्या मावशींच्या अर्जावर मी सही केली. त्यांचं उत्तर बदललेलं नव्हतं. तेच: घाबरले आणि हाक मारली. का सही केली ते इथे लिहीत नाही.

त्या म्हणाल्या, "अगंबाई! लाल दिवा हिरवा कसा झाला?"


२० सप्टेंबर, रविवार

हॉलहून आल्यावर बायकोने चहा दिला आणि समोर बसली.

"पाळकसाहेबांशी बोलले. पुढच्या रविवारी सकाळी आठला."

मला धक्का बसला. मी समजत होतो की विषय संपला.

"तू 'हो' म्हण असं मी म्हणत नाहीये," ती म्हणाली. "फक्त उभा राहा. ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. तुला खोटं बोलता येत नाही ना?"

"नाही येत."

"मग झालं."

मी विचार केला. पहिली दोन वचनं: वाईटाचा त्याग, देवावर विश्वास. ती मला देता येतात. मुलीला विश्वासात वाढवू, तेही देता येतं. अडचण फक्त पाण्याची. मी उभा राहून सांगू शकतो की पाणी मला मान्य नाही, आणि मग पाळकसाहेब स्वतःच्या नियमाने थांबतील. आठला ते, साडेदहाला टाकी. दोन्ही जमतं.

म्हणालो, "राहीन उभा."

सासूबाई दारात होत्या. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माझी लेक म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. जपून राहा हो."

त्यांना माझी काळजी वाटते आहे, हे नवीनच.


२३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी नऊला दूध घेता घेता मुंगीचे ओठ निळे पडले. डोकं मागे टाकलं. मी गाडी काढली. तीन लाल दिवे तोडले. मी.

वॉर्डात त्यांनी नळी लावली, मुखवटा लावला. आम्हाला भिंतीपाशी उभं केलं. सासूबाई मोठ्याने रडायला लागल्या. "पाणी आणा! कुणीतरी पाणी आणा! पोरगी तशीच जाईल, पाणी आणा!"

बेसिन चार पावलांवर होतं. मी जागचा हललो नाही.

बायकोही हलली नाही. मुंगीवरची नजर न काढता म्हणाली, "आई, गप्प बस. गरज नाही."

"अगं, गरज नाही काय म्हणतेस?"

"गरज नाही."

अकराच्या सुमारास रंग परतला. धोका टळला आहे, पण आता ऑपरेशनपर्यंत इथेच ठेवणार. सासूबाईंनी बाकावरूनच पाळकसाहेबांना फोन लावला. बायकोने तो हातातून घेतला. "रविवारीच या. इथे वॉर्डात. पण पूर्ण क्रम घ्या. आजारी मूल आहे म्हणून काही गाळू नका."

तिच्या त्या दोन शब्दांनी मी हादरलो आहे. गरज नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच गोष्टीसाठी ती जेवत नव्हती. माझ्या वादांनी तिचा विश्वासच आटला की काय? रविवारचं सगळं ती आता केवळ आईसाठी करते आहे की काय? मला वाद जिंकायचा होता. हे नको होतं.


२५ सप्टेंबर, शुक्रवार

आज नऊ जणांची चाचणी. नऊही पास. एकाने गाडी फुटपाथवर चढवली होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना?


२६ सप्टेंबर, शनिवार

पाळकसाहेबांनी विधीची पुस्तिका पाठवली. आत चिठ्ठी: काय बोलायचं आहे ते आधी वाचून ठेव, म्हणजे अंधारात सही केली असं होणार नाही.

दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर उघडली. मी वचनं शोधत होतो. ती तिसऱ्या पानावर आहेत. पहिल्या पानावर, सगळ्याच्या आधी, पाळकाने पालकांना विचारायचा प्रश्न आहे.

या बालकाचा बाप्तिस्मा यापूर्वी झाला आहे काय?

खाली बारीक अक्षरात: झाला असल्यास पुढील विधी करू नये.

पाच-सहा वेळा वाचलं. मग बाकावरून उठलो आणि जिना उतरून पुन्हा चढलो.

'नाही' म्हणालो तर ते खोटं ठरत नाही. हॉलच्या शिकवणीने ठरत नाही. पश्चात्ताप नाही, विश्वास नाही, कबुली नाही, म्हणजे बाप्तिस्मा नाही. बेसिनपाशी एक घाबरलेला माणूस होता, त्याच्या हातात पाणी होतं, एवढंच घडलं. 'नाही' हे माझ्या विश्वासाप्रमाणे खरं उत्तर आहे. शिवाय सगळ्यांच्या सोयीचं. बायकोला हवं ते मिळेल, सासूबाई गप्प होतील, हॉलला काही कळणार नाही, आणि साडेदहाला मी टाकीत असेन.

सगळं बसतं आहे. तरी पान उलटलं नाही.

बायको आतून आली. पुस्तिका माझ्या मांडीवर उघडी होती. तिने पान पाहिलं.

"वाचलंस?"

"वाचतोय."

"उद्या मी तुझ्या शेजारीच असेन," ती म्हणाली.


२७ सप्टेंबर, रविवार

पावणेआठला पाळकसाहेब आले. वॉर्डाने आम्हाला कोपऱ्यातला पडदा ओढून दिला. लोखंडी खाट, तिच्यावर मुंगी, नाकात नळी. स्टुलावर स्टीलचं भांडं, त्यात पाणी. पडद्यापलीकडे दुसऱ्या कुणाचं तरी मूल खोकत होतं.

मी खाटेच्या उजवीकडे, बायको माझ्या शेजारी, सासूबाई पायाशी. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता.

पाळकसाहेबांनी चष्मा लावला, पुस्तिका उघडली.

"या बालकाचा बाप्तिस्मा यापूर्वी झाला आहे काय?"

उत्तर तयार होतं. एक शब्द. मी तोंड उघडलं. मुंगीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती मुंगीकडे बघत नव्हती, पाळकसाहेबांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती, श्वास रोखून.

पाळकसाहेब म्हणाले, "सवयीचा प्रश्न आहे. 'नाही' म्हणायचं, मग पुढे..."

"झाला आहे," मी म्हणालो.

सासूबाई म्हणाल्या, "काय?"

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी दिला?"

"मी."

"कधी?"

"जन्मली तेव्हा. ती जाते आहे असं वाटलं म्हणून."

"कशाने?"

"नळाच्या पाण्याने."

"वाहिलं?"

"हो."

"शब्द कोणते?"

मी ते म्हणालो. तिसरं इथेही दोनदा घेतलं. त्यांनी घाई केली नाही.

"पूर्ण आहे," ते म्हणाले. पुस्तिका मिटून खिशात ठेवली आणि भांडं स्टुलावरून उचलून खिडकीत ठेवलं. "मग मला इथे पाण्याचं काम नाही. प्रार्थना करू या."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. "जावईबापू! तीन आठवडे माझं डोकं खाल्लंत! कोंबडं झाकून ठेवलं होतंत होय?" मग खाटेच्या कडेवर बसल्या आणि पदराने तोंड झाकलं. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

बायकोने माझा हात धरला. तिचा हात गार आणि ओला होता.

"तेरा दिवस," ती म्हणाली.

मी नंतर मोजलं. जन्मापासून तेरा आठवडे होतात. थकली आहे, चुकली असेल.

दहाला हॉलवर गेलो. घड्याळजी कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल मोजत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी एक डोळा बारीक केला नाही. दोन्ही उघडे होते.

"जूनमध्ये?"

"हो."

"आणि पाच जुलैला तू ते भिंतीचं वाक्य बोललास."

"हो."

"आता तू चुकलो म्हणतोस, की बरोबर केलं म्हणतोस? एक काहीतरी बोल, म्हणजे मला लोकांना सांगता येईल."

"मला माहीत नाही, भाऊ."

त्यांनी हातातले टॉवेल खाली ठेवले. चिडले असते तर सोपं गेलं असतं. "मग आज टाकीत उतरू नकोस," ते म्हणाले. "वर्गही थांबव. माहीत होईल तेव्हा ये."

मावशी पांढरा झगा घालून बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मग मला कोण बुडवणार? हा? याला भिंग उचलवत नाही."

घड्याळजींनीच बुडवलं. गुडघे धरून पायऱ्या उतरले. मी मागच्या दाराशी उभा राहून पाहिलं. मावशी पाण्यातून वर आल्या, केस कपाळाला चिकटलेले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाकात गेलं!"

लोक हसले. मी दार लोटून बाहेर पडलो.


२९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेआठला आत नेलं. दुपारी दोनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपीची खूण कपाळावर उमटली होती. भोक बंद केलं, त्या म्हणाल्या. हृदय स्वतःहून सुरू झालं. पुढचे दोन दिवस सांभाळायचे.

आता काचेपलीकडे आहे. तिच्यापेक्षा नळ्या जास्त. सासूबाई खाली चहाला गेल्या. आम्ही दोघं काचेशी.

"सिस्टर म्हणाल्या, तुझे हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी तुझ्याच बुटात गेलं," बायको म्हणाली.

"कधी म्हणाल्या?"

"चौदा तारखेला. वजनाला गेले होते तेव्हा."

मी चौदापासून सत्तावीसपर्यंत मोजलं.

"तू बोलली का नाहीस?"

"तू उभा होतास म्हणालास."

ती काचेला कपाळ टेकून उभी होती.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि मी बाजूच्या खोलीत बेशुद्ध. सिस्टरांचं लक्ष फुग्याकडे. सगळं पाहणारा तू एकटाच. सांग मला."

मी सांगितलं. बेसिन, नळ, तीन पावलं. वहीत लिहिलं होतं तेवढंच. ती प्रत्येक वाक्यानंतर थांबायची आणि पुढचं मागायची.

"पाणी गार होतं?"

"गार होतं. बर्फासारखं."

"मग तिने काय केलं?"

हे मी कधी आठवून पाहिलंच नव्हतं. आता दिसलं.

"कपाळाला आठी घातली. एवढीशी."

"रडायच्या आधी?"

"आधी. पाणी पडलं तेव्हाच."

बायकोने काचेवरून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग तिला कळलं होतं," ती म्हणाली.